हाताने केलेले, पण एकसारखे

दसरा उलटला की स्टुडिओत चाक फिरवणाऱ्या ताईंचा फोन वाजू लागतो. ‘दिवाळी गिफ्टसाठी दीडशे कप हवेत. हँडमेडच हं! फक्त सगळे अगदी सेम पाहिजेत, लोगोसकट. वसुबारसेच्या आत.’

आता, माती आपल्या मर्जीने वाळते; घाई केली तर कानाच्या सांध्याशी तडकते. मग एक भाजणी, मग ग्लेझ, मग बाराशे अंशांच्या आसपासची दुसरी, आणि भट्टी गार होईपर्यंत दार उघडायची सोय नाही. त्यात परतीचा पाऊस. एचआरच्या मॅडमना वाटतं, ताई ओव्हन जरा वाढवतील. भाव ऐकला की ‘अहो, मातीच तर आहे!’ हे ठरलेलंच. कपावर बोटाचा ठसा दिसला तर तो ‘डिफेक्ट’. मॉलमध्ये तोच साच्यातून उमटला की ‘आर्टिसनल’, म्हणून दुप्पट किंमत.

(धारावीच्या कुंभारवाड्यात याच गिऱ्हाइकांना पणत्यांच्या डझनामागे पाच रुपये कमी करून हवे असतात. दुसऱ्या हातात चारशेची सुगंधी मेणबत्ती.)

कप वेळेवर पोचतात. घरी गेल्यावर ‘हाताने केलाय, फुटेल’ म्हणून थेट शोकेसमध्ये. चहा स्टीलच्या पेल्यात.