लिंबू आधी पिळून टाकायचं

लिंबू आधी पिळून टाकायचं. कधीकाळी शाळेच्या टीममधनं फुटबॉल खेळलेला माणूस जेवायला शेजारी आला, तर एवढी एक काळजी घ्यावी. फोड तशीच ताटात राहिली की ती त्याच्या नजरेत येते, नजरेतनं बोटांत येते, आणि मग पुढचा पाऊण तास ती फोड नसते, चेंडू असतो. तुमची पांढऱ्या रश्श्याची वाटी गोलकीपर होते. भाकरी मोडून पेनल्टी एरिया होतो. कांद्याच्या चकत्या बचावफळीत उभ्या राहतात. तुम्ही उपाशी.

मी आमच्या राइट-आऊटबद्दल बोलतोय. त्याला आईबापानं ठेवलेलं एक नाव आहे, आधार कार्डावर असेल. पण १९८९ साली तो शाळेच्या टीममध्ये राइट-आऊटला खेळायचा आणि त्यानंतर आम्हाला दुसरं नाव लागलं नाही. आता मैदानावर कुणी ‘राइट-आऊट’ म्हणत नाही, सगळे विंगर झाले. हा एकटा उरलाय. उद्यमनगरात त्याचं लेथचं वर्कशॉप आहे, पोरगी इंजिनिअर झाली, पोटाचा घेर सेंटर सर्कलएवढा झाला, तरी बायको चिडली की म्हणते, “तुमच्या राइट-आऊटला सांगा, दळण आणायचं राहिलंय.”

मॅच कुठली, हे तुम्हाला ठाऊक असणारच. प्रत्येक शाळेची एक असते. आमची म्हणजे १९८९च्या पावसाळ्यातली आंतरशालेय, जिल्ह्याची फायनल. ही वाट पुढं सुब्रोतो कपला जाते. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जी यांच्या नावाची ही शाळांची स्पर्धा १९६० साली दिल्लीत सुरू झाली. जिल्हा जिंकला की विभाग, विभाग जिंकला की राज्य, मग दिल्ली. राइट-आऊटच्या गोष्टीत मधल्या स्टेशनांवर गाडी थांबत नाही. तो गोल दिला असता तर आम्ही डायरेक्ट दिल्लीत होतो.

तो गोल दिला नाही. ऑफसाइड.

एवढंच आहे. आम्ही एक-शून्यनं हरलो. आमच्यावर झालेला गोल तो कधीच सांगत नाही, त्यामुळं नवख्याला वाटतं की मॅच शून्य-शून्य असताना आम्ही केवळ अन्यायानं हरलो.

मांडणी ठरलेली. पांढरा रस्सा त्यांचा गोली, कारण तो गोरा होता. तांबडा रस्सा आमचा कॅप्टन, कारण तो तापट होता. मिठाची डबी रेफरी, कारण तो बसल्या जागेवरनं हलायचा नाही. आणि टेबलाच्या पार कडेला एक आगपेटीची काडी आडवी. ती लाइनमन. पावसामुळं नेमलेला लाइनमन आलाच नाही, तेव्हा सरांनी कुठल्या तरी पोराच्या हातात झेंडा देऊन त्याला उभं केलं होतं. लिंबू भाकरीच्या कडेनं आत आलं, वाटीला चकवून पलीकडं गेलं, सगळे नाचायला लागले, आणि राइट-आऊट काडी उचलून उभी धरतो. “ह्या काडीनं काडी घातली!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या नातवंडांनाही ते जन्मतः येत असेल.

तुम्ही विचाराल, ताटात तुम्ही कोण? मी कोणी नाही. मी राखीव. माझा चष्मा तेव्हा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा, पावसात दिसायची मारामार. राखीव खेळाडू ताटात नसतात.

माझ्या लग्नाआधी मुलगी बघायला गेलो, तेव्हा याला बरोबर नेण्याची चूक केली. पोहे आले, पोह्यांवर लिंबू. पुढची वीस मिनिटं होणारे सासरे, दोन मामा आणि एक आत्या चार बशांवर वाकून बसले होते. मुलीनं बाहेर येऊन पाहिलं तर तिच्याकडं कुणाचंच लक्ष नाही. शेवटी तिनंच विचारलं, “पण मग गोल का दिला नाही?” त्या क्षणी राइट-आऊटनं माझ्याकडं बघून मान हलवली: ही चालेल. लग्न झालं. अजूनही घरात भांडण निघालं की बायको तेवढा एक प्रश्न परत विचारते.

त्याच्या मेहुण्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तर याला पलंगाशेजारच्या स्टुलावर मोसंबी दिसली. मोसंबी म्हणजे जवळजवळ खऱ्या मापाचा चेंडू! गोळ्यांची पाकिटं उभी करून त्यानं बचावफळी केली. मेहुण्याला हसायची बंदी होती. टाके तुटले नाहीत, ही अंबाबाईची कृपा. एका तेराव्याच्या जेवणात तर मी त्याचा हात धरला होता, “लगा, इथं नको.” पण गेलेल्या माणसाचा थोरला मुलगाच समोर बसलेला, तो डोळे पुसत म्हणाला, “मग? पुढं?” आता लिंबू फिरणार नाही तर काय.

आम्ही उपाय केले नाहीत असं नाही. सगळ्यांनी ठरवून पान वाढल्या वाढल्या लिंबं पिळून टाकली. चेंडूच शिल्लक नाही म्हटल्यावर हा गप बसेल. त्यानं शर्टाच्या खिशातनं अख्खं लिंबू काढलं.

पुण्याच्या माझ्या साडूंना हे पटत नाही. कोल्हापुरात कुस्ती, फुटबॉल कुठनं आला, म्हणतात. त्यांना कसं सांगायचं? शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान १९१२ साली बांधलं, पेठापेठांत तालमी होत्याच, आणि पुढं त्याच तालमींनी फुटबॉलच्या टीम काढल्या. त्यामुळं पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावं वाचून परका माणूस लाल माती शोधत शाहू स्टेडियमवर येतो आणि त्याला बावीस जण चेंडूमागं पळताना दिसतात, अन् गॅलरीत हजारो लोक त्या बावीस जणांपेक्षा जास्त दमलेले. वर्ल्ड कप आला की पेठांच्या गल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. ब्राझीलवाला अर्जेंटिनावाल्याला महिनाभर लग्नाला बोलवत नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला आणि आपल्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हा सगळं गाव टीव्हीसमोर होतं. राइट-आऊटच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी पुसून तो म्हणाला, “पोरगं जागा कशी घेतंय बघ. मला पण असाच पास आलता.” आणि सरबताच्या ग्लासात बोट घालून त्यानं लिंबाची फोड बाहेर काढली.

तर अशा माणसानं गेल्या महिन्यात जुन्या टीमचं जेवण ठरवलं, आणि आम्हाला शिकवणाऱ्या चार सरांचा सत्कार. माणशी पंधराशे वर्गणी. वसुली त्यानं स्वतः केली, म्हणजे प्रत्येकाच्या घरी जाऊन, म्हणजे प्रत्येकाच्या घरी जेवून, म्हणजे प्रत्येकाच्या घरचं लिंबू फिरवून. सत्कार म्हटला की आपल्याकडं शाल, श्रीफळ आणि कोल्हापुरी फेटा आलाच. चारही सर ऐंशीच्या पुढचे किंवा आसपासचे. फेटे बांधल्यावर ते एकदम एकसारखे दिसायला लागले आणि शाली अदलाबदल झाल्या.

चौथे सर गणिताचे. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण शाळेत हवा भरायचा पंप त्यांच्या ताब्यात होता, आणि मॅचच्या दिवशी ते स्वतः हवा भरायचे, घड्याळ लावून. त्यांचा सत्कार पहिल्यांदा झाला. मला ते योग्य वाटलं. भाषणांत बहुतेकांनी आपण सरांचा किती मार खाल्ला ते सांगितलं. मार जितका जास्त, तितक्या टाळ्या. पहाटे पाचला रंकाळ्याला फेऱ्या, त्यानंतर मूठभर भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा, पावसात भिजून दगड झालेला चामड्याचा चेंडू हेडला घेतला की दिवसभर कानात घुमायचं, आणि त्यावर सरांचं एकच औषध, “पुन्हा घे.” आज एखाद्या पालकानं त्याचा व्हिडिओ काढून गावभर फिरवला असता. आम्ही मात्र उठून एकेक करत पाया पडत होतो.

मोठे सर, म्हणजे आमचे खरे कोच, सगळ्यात शेवटी. कान गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना दिलेलं स्मृतिचिन्ह पितळेचं होतं, एक छोटी शिट्टी, चौथऱ्यावर बसवलेली. लेथवर बनवलेली. सरांनी ती ताबडतोब चौथऱ्यावरनं उपटली आणि फुंकली. वाजली! तिशी-चाळिशीपासनं मधुमेह सांभाळत आलेले आम्ही अकरा-बारा जण खुर्च्यांवरनं ताडकन उभे राहिलो.

सरांबरोबर त्यांची नात आली होती. ती मला म्हणाली, “राइट-आऊटकाका नसते तर आजोबा घराबाहेर पडलेच नसते.” मी विचारलं, म्हणजे? म्हणजे असं की सीझन सुरू झाला की मॅचच्या दिवशी हा स्कूटर घेऊन सरांच्या दारात. सरांना चेंडू दिसत नाही, शिट्टी ऐकू येत नाही. हा गॅलरीत त्यांच्या कानाला तोंड लावून नव्वद मिनिटं ओरडतो: कुणाकडं बॉल, कुणी सोडला, कुणी शिव्या दिल्या. सहा-सात वर्षं चाललंय. आमच्यापैकी कुणाला पत्ता नाही.

खरं सांगतो, मला हे आवडलं नाही. एखाद्या माणसाला कंटाळायचं आपण इतकी वर्षं मेहनतीनं ठरवलेलं असतं, आणि मधेच कुणी तरी असं काहीतरी सांगतं. त्याचा आवाज एवढा मोठा का झाला, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मग जेवण. मटण, भाकरी, तांबडा, पांढरा. सर मध्ये, राइट-आऊट त्यांच्या उजव्या हाताला, मी समोर. मी माझं लिंबू पिळलं. त्यानं खिशात हात घातला.

भाकरी मोडली. वाटी सरकली. चकत्या उभ्या राहिल्या, मिठाची डबी रुतून बसली, काडी कडेला गेली. सर वाकून, डोळे बारीक करून बघत होते. लिंबू सुटलं. “आणि सर, मी हितं,” राइट-आऊट त्यांच्या कानात ओरडला, “हितं हुतो!”

सरांनी थरथरत्या बोटानं कांद्याची एक चकती अर्धा इंच मागं ओढली. राइट-आऊटच्या अगदी रेषेत.

“हा इथं होता,” सर म्हणाले. “तू त्याच्या बरोबरीत.”

“तेच की सर! बरोबरीत! पुढं न्हाई!”

“बरोबरीत म्हणजे ऑफसाइड.” सरांचा आवाज एकदम तासाचा झाला. “त्या वेळचा नियम तसा होता. शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत असलास तरी ऑफसाइड. नव्वद साली बदलला. आता रेषेत चालतं. तेव्हा चालत नव्हतं. झेंडा बरोबर होता त्या पोराचा.”

टेबलावर कुणीच बोललं नाही. एका वर्षानं हुकलं म्हणायचं सगळं. सर काडीकडं बोट करून म्हणाले, “हे कोण होतं रे? मी कुणाला उभं केलं होतं?”

पस्तीस वर्षांत किती ताटं झाली असतील. पोहे, मिसळ, तेरावं, बारसं, हॉस्पिटल. लाइनमन आंधळा होता, विकला गेला होता, त्याला नियम माहीत नव्हते, हे सगळं मी ऐकलंय. नाव एकदाही ऐकलेलं नाही. मला वाटायचं, विसरला.

राइट-आऊटनं काडी उचलली, सावकाश दात कोरले.

“कोण की सर,” तो म्हणाला. “आठवत न्हाई. आपल्यातलंच कुठलं तरी बारकं पोरगं.”

मी चष्मा काढून पुसला. रश्श्याची वाफ येत होती.

त्यानं लिंबू परत भाकरीच्या कडेला आणून ठेवलं. “बरं सर, आता नव्या नियमानं बघूया,” म्हणत त्यानं टेबलावर नजर फिरवली. त्यांचा गोली गायब होता. बोलण्याच्या नादात गणिताच्या सरांनी तो पिऊन टाकला होता.

मी माझी वाटी उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली.