तीन ‘म’वाले सर

प्रत्येक तालुक्याला एक तहसीलदार असतो, एक गटशिक्षणाधिकारी असतो आणि एक आरोग्य-व्याख्याते सर असतात. पहिल्या दोघांच्या बदल्या होतात.

आमच्याकडचे सर मूळचे पाटबंधारे खात्यातले. निवृत्तीनंतर लगेचच त्यांच्या छातीत कळ आली, दोन स्टेंट बसले आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. ते नुसते चालले असते तरी पुरे होतं. पण स्वतःला नव्याने कळलेली गोष्ट चारचौघांना सांगितल्याशिवाय सरांना पचत नाही. बरोबरीचे लोक ऐकेनात, कारण त्यातल्या बऱ्याच जणांकडे स्वतःचे स्टेंट होते. तेव्हा सरांची नजर शाळांकडे वळली. चौदा-पंधरा वर्षांची मुलं हा असा श्रोतृवर्ग आहे की त्याला मध्येच उठून जाता येत नाही.

त्यांचा हंगाम 21 जूनच्या योग दिनाला सुरू होतो, 12 जानेवारीच्या युवा दिनाला भरात येतो, रथसप्तमीच्या सूर्यनमस्कारांपाशी अगदी टिपेला पोचतो आणि दहावी-बारावीच्या परीक्षा लागल्या की ओसरतो. फेब्रुवारीतल्या जंतनाशक दिनालाही सर हजर असतात. त्या दिवशी मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खायची असते. गोळी तोंडात असल्यामुळे कुणी प्रश्न विचारत नाही, म्हणून तो दिवस सरांच्या विशेष आवडीचा.

मी शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळे सूत्रसंचालन आणि पाहुण्यांचा परिचय ही कामं न मागता माझ्याकडे येतात. सर आपला परिचय स्वतःच लिहून आणतात. एका वर्षी त्यात ‘शेकडो व्याख्याने’ असं होतं, पुढच्या वर्षी ‘हजारो’ झालं. मध्ये एकच जानेवारी गेला होता.

कार्यक्रम अकराचा असतो. मुलं साडेदहापासून पटांगणात सतरंजीवर मांडी घालून बसलेली असतात. सर साडेअकराला येतात आणि आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत जातात. तिथे चहा आणि बटाटेवडे. तळलेलं खायचं नाही असं सरांना सक्त सांगितलेलं आहे, पण सत्काराचं नाकारू नये या मताचे ते आहेत. “यात मैदा नसतो, बेसन असतं,” असं स्वतःच्या स्टेंटना समजावत ते दुसरा वडा उचलतात. बाहेर तोवर मुलांची सावली सरकलेली असते.

मग शाल, श्रीफळ आणि भाषण. सुरुवातीला कालिदासाचं शरीराविषयीचं ते वचन, जे ‘कुमारसंभवा’त आहे हे सरांना माहीत नाही आणि मी कधी सांगितलेलं नाही. त्यानंतर सरांची प्रसिद्ध मांडणी येते: तरुण पिढीचे तीन शत्रू, तीन ‘म’. मोबाइल, मैदा आणि मित्र. मित्र म्हणजे वाईट मित्र, पण आवेशात ‘वाईट’ गळतं आणि सगळेच मित्र त्यात सापडतात. मागच्या रांगेत चौथा ‘म’ कोणता यावर कुजबुज होते, मुलींच्या रांगेकडे बघून खसखस पिकते, आणि सरांना वाटतं की विनोद पोचला.

इथवर सगळं गमतीचं आहे. पण एका ठिकाणी मला सरांचा राग येतो. ते एखाद्या जाड मुलाला उभं करतात आणि विचारतात, “काय खातोस रे बाळा?” सगळं पटांगण हसतं. मागे एकदा असा उभा राहिलेला आठवीतला मुलगा त्यानंतर पीटीच्या तासाला यायचाच बंद झाला. रोज पोटात दुखायचं त्याच्या. पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या एका मुलाचा तो तास आरोग्यावरच्या व्याख्यानाने खाल्ला.

झोपेचा विषय निघाला की सर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात. रात्री नऊला आडवं व्हायचं, पहाटे चारला उठायचं आणि उठल्या उठल्या वाचायला बसायचं. स्वतः सरांना साडेतीनलाच जाग येते आणि ते हा साधनेचा भाग समजतात. वयाचाही असू शकतो, हे त्यांना कोण सांगणार? उलट वयात येणाऱ्या मुलांच्या शरीरातलं घड्याळ मागे पडतं. झोप आणणारं मेलाटोनिन त्यांच्या अंगात उशिरा पाझरू लागतं, म्हणून दहाला गादीवर लोटलं तरी अकरापर्यंत डोळा लागत नाही. तेरा ते अठरा या वयाला आठ ते दहा तास झोप हवी. सातच्या शाळेसाठी सहाला उठायचं म्हटलं तर हे गणित कुठल्याच पद्धतीने सुटत नाही. 2024 साली महाराष्ट्र शासनाने मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून सकाळची शाळा नऊच्या आधी भरवू नये असा आदेश काढला, पण तो चौथीपर्यंतच्या वर्गांना. धाकटी भावंडं घोरत असताना नववीतला थोरला पेंगत सायकल काढतो. मग तो पहिल्या तासाला पेंगला की आम्ही शिक्षक त्याला आळशी म्हणतो आणि सरांना व्याख्यानाला बोलावतो.

शेवटी येते चिठ्ठ्यांची पेटी. पेटी म्हणजे बुटांचा खोका, वरून कागद चिकटवलेला. नाव न लिहिता प्रश्न टाकायचा. सर चिठ्ठी उघडतात, मनातल्या मनात वाचतात, घसा साफ करतात आणि जाकिटाच्या डाव्या खिशात घालतात. दुसरी उघडतात, तीही खिशात. पाच-सहा चिठ्ठ्यांनी खिसा फुगला की मग एक हवी तशी सापडते. “परीक्षेच्या ताणावर मात कशी करावी? फारच सुंदर प्रश्न!” ती चिठ्ठी आमच्या पर्यवेक्षकांच्या अक्षरातली असते.

खिशात जातात त्यातल्या काही मी खोका आणताना पाहिलेल्या आहेत. दारूच्या बारला लोंबकळल्याने उंची वाढते का, असं एकाने लिहिलं होतं. त्याला दाराचा म्हणायचं होतं, ऱ्हस्वदीर्घाच्या नादात कान्याच्या जागी उकार पडला. कुणाला व्यायामशाळेतल्या दादाने पावडरचा डबा घ्यायला सांगितलेला असतो, अठराशे रुपयांचा. एका मुलीने मोठ्या बहिणीची गोरेपणाची क्रीम पिंपल्सवर लावली, आधी तोंड छान दिसलं आणि आता लाल होऊन आग होते आहे. पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरंच नासतं का? एका मुलाची छाती एका बाजूने सुजल्यासारखी झाली आहे, म्हणून तो उन्हाळ्यातही दोन बनियन घालतो. आणि एक चिठ्ठी नुसती एवढीच: झोप येत नाही, काही करावंसं वाटत नाही, घरी सांगता येत नाही.

सगळी व्याख्यानं ऐकून मी एवढं शिकलो आहे की मुलांचे प्रश्न हातभर नेमके असतात आणि आमची उत्तरं सगळ्यांना पुरतील इतकी सैल.

गेल्या वेळी शेवटच्या खुर्चीवर ग्रामीण रुग्णालयाच्या ‘मैत्री’ केंद्रातल्या समुपदेशक मॅडम बसल्या होत्या. आठवड्याच्या निळ्या लोहगोळ्यांचं रजिस्टर तपासायला आल्या होत्या, कार्यक्रमात उगाच सापडल्या. आभारप्रदर्शनाच्या आधी त्यांना ‘दोन शब्द’ मिळाले. त्यांना बसही पकडायची होती, त्यामुळे प्रस्तावना झाली नाही. गोळी उपाशीपोटी घेऊ नका, तिच्यावर लगेच चहा पिऊ नका, लिंबू चालेल, शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभरातल्या 59 मुलींचं रक्त कमी निघालं, आणि मुलगे हसू नका, तुमच्यातले 31. मग फळ्यावर 14416 लिहिलं. टेलिमानस, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलतात, मन खराब असेल तर लावा. झालं. पोरांनी वह्या काढून नंबर उतरवला. तीन ‘म’ कुणी उतरवलेले मी पाहिले नाहीत.

कार्यक्रमानंतर सर व्हरांड्यात मॅडमना गाठताना दिसले. मला वाटलं वेळेवरून बोलणार. सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि डावा खिसा त्यांच्या ओंजळीत रिकामा केला.

“हे तुमच्या खात्यातलं दिसतंय.”

मॅडमनी तिथेच उभ्या उभ्या चाळल्या. छातीची सूज या वयात बऱ्याच मुलांना येते, बहुधा वर्ष-दोन वर्षांत जाते, पण दाखवायला पाठवा. क्रीम आजच बंद करायला सांगू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर अचानक सोडूनही त्रास होतो, ट्यूब घेऊन माझ्याकडे पाठवा. शेवटची चिठ्ठी त्यांनी वेगळी काढून पर्समध्ये ठेवली आणि मला म्हणाल्या, “गुरुजी, पुढच्या सोमवारी मला आठवी ते दहावीचा एकेक तास द्या.”

सर घुटमळले. “आणि ते लोंबकळण्याचं? अजिबातच नाही वाढत?”

“नाही. हाडांच्या टोकांना वाढीची जागा असते, ती वयानुसार बंद होते. लोंबकळून काही होत नाही.”

“मी दहावीत वर्षभर लोंबकळलो हो. माळ्याच्या तुळईला. तीन इंच वाढलो.”

“ते तसेही वाढला असतात, काका.”

सरांनी हा हिशेब थोडा वेळ मनात घोळवला. तुळईपायी वडिलांचा मार खाल्लेला असणार.

“बरं, आणि लोणचं?” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “आमच्याकडे अजून शिवू देत नाहीत. नातीला.”

“काही नासत नाही. आज घरी जाऊन तेवढं सांगा.”

“कुणाला, हिला?” सर दचकून म्हणाले. “तुमचं महिला मंडळात काही व्याख्यान वगैरे नसतं का?”