बोली लावा, पण डोळे झाकून

सहकुटुंब परदेशवारी, तीही बिझनेस क्लासने, आणि वर स्वस्तात! पाथर्डीकराने हे मनावर घेतलंच, तर आधी भूगोल पाहावा. गावाला रेल्वे नाही. शिर्डीचा विमानतळ 2017 साली सुरू झाला खरा, पण परदेशी जायचं तर पुणं नाहीतर मुंबई गाठायची. म्हणजे विमानात आडवं व्हायला मिळावं म्हणून आधी एसटीत रात्रभर ताठ बसायचं.

स्वस्ताईच्या वाटाही ठरलेल्या. क्रेडिट कार्डाचे पॉइंट साठवा, म्हणजे शंभर वाचवायला हजार उडवा. नाहीतर साधं तिकीट काढून वरच्या वर्गासाठी बोली लावा. बोली आम्हाला नवी नाही. आमच्या मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. तिथं दात पाहिल्याशिवाय कोणी खिशात हात घालत नाही. इथं शेजाऱ्याने किती लावले हे कळत नाही, आणि बोली माणशी असल्यामुळे चौघांची चौपट. सरकारचा हातही सैल आहे, घेण्यात: साध्या वर्गावर जीएसटी 5 टक्के, बिझनेस क्लासवर सप्टेंबर 2025 पासून 12 चा 18.

सहकुटुंब प्रवासाची खरी परंपरा पाथर्डी तालुक्यात ऊसतोड मजुरांची. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक भरतात. चूल, भांडी, पोरं आणि उरलेल्या जागेत माणसं. तिकीट नाही, म्हणून जीएसटीही नाही. उचल मात्र आधीच घेतलेली असते, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, परतीची तारीख ठरत नाही.