चार अक्षरं, दहा प्रश्नचिन्हं

लग्नाकार्यात कुणी 'काय करतोस?' विचारलं की मी 'दुभाष्या आहे' असं सांगतो. समोरचा 'फ्रेंच की जर्मन?' म्हणतो. मग मी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवून सावकाश म्हणतो, 'एब्सिडिक.' उच्चाराला वजन आहे. अर्थ विचारायला कुणी थांबत नाही.

संगणकावर सगळं जग इंग्रजी 'ए'ला 65 म्हणतं, मेनफ्रेम नावाचे मोठे संगणक 193. आयबीएमने 1964 साली सिस्टिम/360 जाहीर केली, तिच्याबरोबर ही एब्सिडिक अक्षरमाला आली आणि बँका-विमा कंपन्यांत अजून ठाण मांडून बसली आहे. 'आय'पर्यंत अक्षरं ओळीने बसतात, मग 'जे' यायच्या आधी सात पाट रिकामे. 'आर'नंतर आठ. पंचकार्डांवर अक्षरांचे नऊ, नऊ आणि आठ असे तीन घोळके होते, ते तसेच उचलून आणले. 26 माणसांच्या पंगतीला 41 पाट! आता पंगतीतला पाट कधी रिकामा राहिलाय? अमेरिकी कोडपेज 037 मध्ये, म्हणजे तिथल्या अक्षरतक्त्यात, 'आय' आणि 'जे'च्या मध्ये कोण घुसलेत, तर डोक्यावर टोप्या, टिंबं, तिरप्या रेघा घेतलेले पाच 'ओ', असून नसल्यासारखी एक जोडरेघ आणि एक महिरपी कंस. मुलाकडचे समजतात हे मुलीकडचे, मुलीकडचे समजतात मुलाकडचे. नवीन पोरं 'ए'त एकेक मिळवत 'झेड'कडे निघतात आणि वाटेत या पाहुण्यांना गाव विचारत बसतात. मला ही पंगत तोंडपाठ आहे, सोळाच्या हिशेबात. कुणी म्हणून दाखव म्हणत नाही, हा भाग वेगळा.

तर एका शुक्रवारी रात्री मेनफ्रेमवरून फाइल आणायची होती. फाइल आणणाऱ्या एफटीपीला 'बायनरी', म्हणजे जशीच्या तशी आण, असं सांगायचं असतं. मी टेक्स्ट सांगितलं, म्हणजे भाषांतर परस्पर होईल. झालं. नावं, पत्ते झकास. मी 'ऑल गुड' असा मेल टाकून झोपलो. पण कोबॉलच्या फायलीत रकमा कॉम्प-थ्री असतात: एका बाइटात दोन आकडे, शेवटच्या अर्ध्या बाइटात अधिक-उणे. चारशे म्हणजे सोळाच्या हिशेबात 00, 40, 0सी. भाषांतर करणाऱ्याने 40 बघितलं, तिकडे मोकळ्या जागेचा नंबर 40, इकडे 20; त्याने इमानदारीत 20 ठेवलं. उरलेले दोन बाइट दोन्हीकडे सारखेच. चारशेचे दोनशे! बाकीच्या बऱ्याच रकमांनी निदान बोंब तरी मारली. दोनशे ही मात्र अगदी सभ्य दिसणारी रक्कम, तिच्यावर कोण संशय घेणार? शनिवारी पहाटेपर्यंत मी फोनवर 'सॉरी' म्हणत होतो आणि आई आतल्या खोलीत जागी होती.

पुढच्या कामात देवनागरी नावं मेनफ्रेमकडे पाठवायची होती. चाचणीला म्हणून माउलींचंच नाव घातलं. आई चहा घेऊन आली.

"हे काय रे?"

"ज्ञानेश्वर."

"कुठे?"

पडद्यावर प्रश्नचिन्हांची दिंडी होती. तिने बोटाने मोजली. दहा.

"चार अक्षरांना दहा?"

मी समजावलं, ज वेगळा, हलन्त वेगळा, ञ वेगळा, काना वेगळा...

"ज्ञ फोडलास?"

पाटीवर माझा हात धरून तिने गिरवून घेतलेलं ते शेवटचं अक्षर. त्यानंतर मी शिकलो असं तिचं मत आहे. मी गप्प बसलो.

यूटीएफ-8 मध्ये पाठवावं, तर एकट्या माउलींनी तीस बाइटांचा रकाना भरला. आडनाव दारातूनच परत. आयबीएमचं देवनागरी कोडपेज आहे, 1137 नंबरचं. क्लायंटला तसं लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं, नावं इंग्रजीत पाठवा. डोकं सणकलं. वीस वर्षं मी परक्या 'ओ'च्या टोप्या सांभाळल्या, एक टिंब इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. आणि आपल्या एका काना-मात्रेला जागा मागताना माझ्या मेलमध्ये 'काइंडली' दोनदा होतं. रागाचा मेल लिहिला, तीनदा वाचला, आणि 'नोटेड' एवढंच ठेवून पाठवला.

आई रिकामा कप न्यायला आली. प्रश्नचिन्हं तशीच होती.

"त्या दिवशी चारशेचे दोनशे केलेस," ती म्हणाली, "आज चारांचे दहा. पगार नेमका कशाचा घेतोस रे?"