गंगेत बुडत नाही, शेजाऱ्याला मिळत नाही

दशाश्वमेध घाटावर संध्याकाळच्या आरतीला चांगली जागा हवी, तर आधी दीड-दोन तास जाऊन बसावे लागते. पूर्वी मराठी यात्रेकरू एवढ्या वेळात शेजाऱ्याशी एक भांडण उरकी किंवा एक सोयरीक जुळवी. आता तो पिशवीतून किंडल काढतो. कोथरूडच्या एका निवृत्त मास्तरांनी परवा तेच केले.

मास्तरांचा त्या यंत्रावर भारी जीव. उन्हात पडदा चकाकत नाही, एकदा चार्ज केले की आठवडे चालते, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास आणि पोटात हजारभर पुस्तके. २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकेही त्यात येऊ लागली आणि मास्तरांच्या घरातल्या कपाटाने सुस्कारा सोडला. २०१८ च्या किंडल पेपरव्हाइटबद्दल तर ॲमेझॉन कंपनी सांगते की दोन मीटर गोड्या पाण्यात ते तासभर तग धरते.

म्हणजे गंगेच्या परीक्षेला बसायला हरकत नाही. काशीत ही परीक्षा जुनी आहे. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका शके १४९५ च्या, म्हणजे १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला याच नगरीत पुरी केली. हे ज्ञान प्राकृतात आणलेच कसे, म्हणून पंडित खवळले, पोथी गंगेत टाकली गेली, गंगेने ती वरच्या वर झेलली आणि मग खवळलेल्यांनीच तिची मिरवणूक काढली, अशी कथा आहे. पुढे त्या पोथीच्या नकला गावोगाव गेल्या. 'ही प्रत फक्त पैठणच्या खात्यावर उघडेल' असे काही नाथांना सुचले नाही.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलनवीस एक विनवणी लिहीत: हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पाण्याची सोय कंपनीने केलीच आहे. शहाण्या शेजाऱ्याला द्यायची मात्र राहिली.

शेजारी सोलापूरच्या आजी बसल्या होत्या. "मास्तर, वाचून झालं की मला द्या की ते पुस्तक."

मास्तरांनी समजावले. पुस्तक खात्याला कुलपाने बांधलेले असते. द्यायचे तर यंत्रच द्यावे लागेल.

"म्हणजे पुस्तक मागितलं तर कपाट द्यायचं?"

बटणावर 'खरेदी' लिहिलेले असले, तरी कंपनीच्या अटींप्रमाणे मिळतो तो वाचायचा परवाना. तो किती नाजूक, हे जुलै २००९ मध्ये कळले. विक्रेत्याकडे हक्कच नव्हते, म्हणून ॲमेझॉनने ग्राहकांच्या यंत्रांतून काही पुस्तके परस्पर पुसली. पैसे परत दिले, जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पुसलेल्यांत ऑरवेलचे '१९८४' होते. उपहासकाराला करण्यासारखे काही उरू नये, एवढी काळजी कंपनी घेते.

मास्तर ज्या घाटावर बसले होते, तो नानासाहेब पेशव्यांनी १७४८ च्या सुमारास बांधला. पेशवाई बुडाली, पण पायऱ्या कोणी परत नेल्या नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचे दुकान आवरले, तेव्हा गिऱ्हाइकांची पुस्तकेही त्याबरोबर गेली, पैसे तेवढे हाती आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालायची वाटही बंद झाली.

कुलूप लावायचे की नाही, हे पुष्कळदा प्रकाशक ठरवतो, आणि चोरीची त्याची धास्ती खोटी नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोथीची काळजी नाथांनाही होतीच. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती लोकांनी उतरून ठेवलेल्या प्रती होत्या म्हणूनच. शेवटी त्यांनी बजावले ते नक्कल करणाऱ्याला नाही, तर मध्ये आपली ओवी घुसडणाऱ्याला.

हे सगळे मास्तरांनी आजींना सांगितले. आजींनी पिशवीतून हिशेबाची वही काढली, पेन्सिलीचे टोक जिभेला लावले आणि म्हणाल्या, "तुम्ही वाचा, मी उतरून घेते." मास्तरांनी आधी इकडेतिकडे पाहिले, मग हळू आवाजात सुरुवात केली. पहिले पान निम्मे उतरले होते, तोच आरतीचा शंख वाजला.