सोबतची व्यक्ती

डॉक्टरांच्या परिषदा गोव्याला, उदयपूरला वारंवार भरतात. परभणीच्या वाट्याला क्वचितच. ज्ञानाला पाणी जवळ लागत असावे! विमानतळ, हॉटेलं तिथे आहेत, हा युक्तिवाद रास्त. ती नागपुरातही आहेत. पण मे महिन्यात नागपूर पाहायला जोडीदार येत नाही, हा दोष नागपूरचा. नोंदणीच्या अर्जात ‘सोबतच्या व्यक्ती’चा दर वेगळा छापलेला असतो, म्हणजे सहल चोरून नव्हे, रीतसर पावती फाडून होते. स्वखर्चाने नेले तर बिघडले कुठे? कुठेच नाही. पण डिसेंबर २००९मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने औषध कंपन्यांकडून प्रवास, पाहुणचार घेण्याला मनाई केली, तेव्हा नियमात ‘कुटुंबीय’ हा शब्दही घालावा लागला. उपस्थितीचे प्रमाणपत्र मात्र समारोपातल्या रिकाम्या खुर्च्यांना द्यावे. त्या तरी शेवटपर्यंत सभागृहात असतात.