ताजेतवाने राहा, दुपारी तीनला

दुपारी दोन-तीनच्या सुमारास शरीर मंदावतं, जेवलेलं असो वा उपाशी. जैविक घड्याळाचा तो स्वभावच. एचआरला हे मान्य नाही. म्हणून ‘दुपारी ताजेतवाने राहा’ हे सत्र त्यांनी नेमकं तीनला ठेवलं. दिवे मालवून, एसी अठरावर. वक्ते म्हणाले, डब्यात भात कमी आणा, जिने चढा. अकाउंट्सचे साहेब प्रत्येक मुद्द्याला मान डोलावत होते. डोळे तेवढे मिटलेले. (2017 साली चितळे बंधूंनी पुण्यात एक ते चार दुकान उघडं ठेवायला घेतलं, तेव्हाच वामकुक्षीची शेवटची अधिकृत शाखा बंद झाली.) आता मशीनचा चहा, म्हणजे दुधाची पावडर आणि आशावाद. सत्राला हजेरी शंभर टक्के होती. जाग किती होती, हा रकाना फॉर्ममध्ये नाही.